सिंगापूरची संध्याकाळ: पैसे पेयाचे की जागेचे?

सिंगापुरात मद्य महाग आहे ही तक्रार तिथे जाऊन आलेल्या बहुतेकांच्या तोंडी असते आणि ती खरीही आहे. गोव्यातील दरांची सवय असलेल्या माणसाला तिथले पहिले बिल चांगलेच झोंबते. मात्र ही महागाई सगळीकडे सारखी नाही. ती कशी तयार होते हे एकदा समजून घेतले, तर याच शहरात अतिशय समाधानाच्या संध्याकाळी घालवता येतात, असे माझे ठाम मत आहे.

सिंगापूर सरकार मद्यावरील उत्पादन शुल्क त्यातील शुद्ध अल्कोहोलच्या प्रमाणात आकारते: वाइन आणि जिन-व्हिस्कीसारख्या मद्यांवर दर लिटर अल्कोहोलमागे ८८ सिंगापूर डॉलर, तर बिअरवर ६० डॉलर. तिथला एक डॉलर आपल्या साठ रुपयांहून अधिक पडतो. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या ७०० मिलिलिटरच्या जिनच्या बाटलीवर केवळ या शुल्कापोटी साधारण साडेचोवीस डॉलर चढतात. पण पाच टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरच्या ६३३ मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीवर हाच आकडा दोन डॉलरच्याही खाली राहतो. म्हणजे नदीकाठच्या एखाद्या बारमध्ये बिअरच्या एका ग्लासाला अठरा-वीस डॉलर मोजावे लागतात, तेव्हा त्यातला सरकारचा वाटा थोडा असतो. बाकीची रक्कम भाडे, नोकरवर्ग आणि समोरचे दृश्य यांची असते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आपण पेयाचे पैसे देत आहोत की जागेचे, आणि जागेचे देत असू तर ती जागा तेवढ्या मोलाची आहे का, हे पाहूनच मी इथे मत देत आहे.

बिलाबद्दलही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मेनूकार्डावर किमतीपुढे अधिकची (+) दोन चिन्हे दिसली, तर त्या रकमेवर दहा टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर नऊ टक्के वस्तू व सेवा कर लागणार, असा त्याचा अर्थ असतो. वीस डॉलरचे पेय प्रत्यक्षात २३ डॉलर ९८ सेंटला पडते. यानंतर वेगळी टीप देण्याची तिथे पद्धत नाही, त्यामुळे भारतीय सवयीने वर पुन्हा पैसे ठेवण्याची गरज नसते.

माझी पहिली आणि निःसंकोच शिफारस लाउ पा सात या खाद्यबाजाराची आहे. शहराच्या आर्थिक केंद्राच्या मधोमध १८९४ साली उभारलेली ही अष्टकोनी इमारत ग्लासगोहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभी आहे. तिला लागून असलेला बून टॅट स्ट्रीट संध्याकाळी वाहनांसाठी बंद होतो, रस्त्यावरच टेबले मांडली जातात आणि साते (काडीला टोचलेले मांसाचे तुकडे) भाजणाऱ्या गाड्यांचा धूर उंच काचेच्या इमारतींच्या मधून वर चढू लागतो. कोळशावर भाजलेल्या चिकन, मटण किंवा कोळंबीच्या काड्या, सोबत शेंगदाण्याची दाट, गोडसर-तिखट चटणी, काकडी आणि कच्चा कांदा. बिअरबरोबर याहून चांगला चखणा मला त्या शहरात कुठेही मिळाला नाही. टायगर ही सिंगापूरची १९३२ पासूनची बिअर आहे. अशा खाद्यबाजारांत तिची मोठी बाटली दहा डॉलरच्या आतबाहेर मिळते आणि ती दोघांत वाटून, बर्फ घातलेल्या ग्लासातून पिण्याची तिथल्या लोकांची रीत आहे. बर्फामुळे बिअर पातळ होते अशी नाके मुरडणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की विषुववृत्ताजवळच्या त्या दमट हवेत ती रीत पूर्णपणे शहाणपणाची आहे.

इथे थोडे तारतम्य मात्र ठेवावे लागते. रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी धरून ठेवली आहे असे समजावे. जेवण झाल्यावर ताट-ट्रे आपणच उचलून ठेवायचे असतात, कारण हॉकर सेंटर म्हणजे अशा सार्वजनिक खाद्यबाजारांत २०२१ पासून तसे न करणे दंडनीय आहे. कित्येक गाळे मुस्लीम चालकांचे असतात, त्यामुळे त्यांच्या भांड्यांत आपले मद्य किंवा इतर पदार्थ मिसळू नयेत. हॉकर संस्कृतीचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला तो केवळ स्वस्त जेवणामुळे नव्हे, हे बँकेतला अधिकारी आणि बांधकाम मजूर एकाच बाकावर जेवताना पाहिले की पटते.

जागेचे पैसे द्यायचेच असतील, तर ते अ‍ॅटलस या बारमध्ये द्यावेत. बुगीस भागातील पार्कव्ह्यू स्क्वेअर या इमारतीच्या तळमजल्यावर २०१७ मध्ये हा बार सुरू झाला. विसाव्या शतकाच्या विशी-तिशीतील आर्ट डेको शैलीची सजावट, रंगवलेले उंच छत आणि त्याच्या दिशेने चढत गेलेला, हजाराहून अधिक जिन सामावणारा सोनेरी मनोरा पाहताना माणूस काही काळ पेय मागवायचेही विसरतो. कॉकटेल साधारण पंचवीस ते तीस डॉलर आणि वर अर्थातच सेवाशुल्क व कर. तरीही मार्टिनी ज्या थंडगार, नेमक्या प्रमाणात समोर येते आणि वाढणारा माणूस ज्या आस्थेने जिनमधील फरक समजावून सांगतो, त्यामुळे ही रक्कम मला जराही जड वाटली नाही. एकच पेय घ्यावे, सावकाश घ्यावे आणि संध्याकाळी जाताना पोशाख नीटनेटका असावा.

रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सिंगापूर स्लिंग हे पेय १९१५ मध्ये ङियाम तोंग बून या हाइनानी बारटेंडरने तिथे घडवले, असे हॉटेलचे सांगणे आहे. स्त्रियांनी चारचौघांत मद्य पिणे अप्रशस्त मानले जाई, म्हणून फळांच्या रसासारखे दिसणारे पेय त्याने तयार केले, अशीही आख्यायिका सांगितली जाते. जिन, चेरीचे मद्य, अननसाचा आणि लिंबाचा रस यांचे हे गुलाबी मिश्रण करांसह चाळीस डॉलरच्या पुढे जाते. चवीला ते गोड आहे; कोरडे, कडवट पेय आवडणाऱ्याने केवळ चवीसाठी जाऊ नये. परंतु गोणपाटाच्या पिशव्यांतून मनसोक्त मिळणारे भुईमुगाचे दाणे आणि त्यांची टरफले थेट जमिनीवर टाकण्याची मुभा, तीही इतक्या स्वच्छताप्रिय शहरात, हा अनुभव एकदा घेण्यासारखा निश्चित आहे. दुपारी गर्दी कमी असते.

पैसे वाया जातात ते स्वस्त खाद्यबाजार आणि असे खास बार या दोन टोकांच्या मधल्या ठिकाणी. नदीकाठच्या पर्यटकी पट्ट्यातील एका बारमध्ये, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कोमट बिअर आणि कर्कश संगीत यांसाठी अ‍ॅटलसइतकेच बिल झाले. नदीकाठी बसायचेच असेल, तर ‘बोट की’सारख्या भागात ऑफिस सुटण्याच्या सुमारास, साधारण पाच ते आठ या सवलतीच्या वेळेत जावे. अनेक बारमध्ये तेव्हा एका ग्लासावर दुसरा मोफत मिळतो आणि मावळतीचा प्रकाशही त्याच वेळी पाण्यावर असतो.

वेळेचे नियम काटेकोर आहेत. दुकानातून घेतलेले मद्य रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत सार्वजनिक जागी पिता येत नाही आणि त्या वेळेत दुकानांत त्याची विक्रीही होत नाही. लिटल इंडियात डिसेंबर २०१३ मध्ये झालेल्या दंगलीनंतर २०१५ मध्ये हा कायदा आला. त्याच भागात, जिथे आपल्याकडचे बरेच पर्यटक उतरतात, शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत उघड्यावर मद्यपान पूर्ण बंद असते. परवानाधारक बारमध्ये बसण्यास अर्थातच हरकत नाही. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात आणि बारानंतर टॅक्सीच्या मीटरवर पन्नास टक्के अधिभार लागतो. त्यामुळे सहाला सवलतीच्या वेळेत एक ग्लास, आठला लाउ पा सात आणि दहाच्या सुमारास अ‍ॅटलस असा क्रम ठेवून शेवटची मेट्रो गाठली, तर टॅक्सीची गरजच पडत नाही.