रानघोडे: संरक्षित प्राणी की पशुधन?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात स्थायिक झालेल्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय: रानघोड्यांना संरक्षण हवं, की ती गुरंच समजावीत? दोन्ही बाजू तिला पटतात.

पकडल्यावर काय होतं, हा माझ्या मते मुख्य फरक. पशुधन ठरला की बेवारस घोडा मोकाट जनावर होतो आणि थेट लिलावात जातो. न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्याच्या पशुधन मंडळाने 1974 मध्ये सरकारी जमिनीवरची 19 रानगाढवं अशीच पकडून विकली. रानघोडे आणि रानगाढवं या दोन्हींना जपणाऱ्या 1971 च्या केंद्रीय कायद्याने ती संरक्षित होती. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा उचलून धरला. पुढे 2015 मध्ये त्याच राज्याच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की माणसाळलेला नसलेला, बेवारस घोडा पशुधन नव्हेच.

खर्चात मात्र पशुधनाचा पर्याय स्वस्त, हे मान्य करायलाच हवं. संरक्षणात, संख्या आवरायला पकडलेल्या हजारो घोड्यांना सरकार वर्षानुवर्षं पोसतं.

चाऱ्याचं म्हणाल, तर अटकाव नसेल तिथे कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो आणि चाऱ्यावर ताण येतो. पण घोडीच्या पुठ्ठ्यावर डार्ट मारून गर्भनिरोधक लस देता येते. कळप पकडावा लागत नाही, म्हणून शिंगरू आईपासून तुटत नाही. मेहनत मोठी, दरवर्षीची. शिवाय अनेक ठिकाणी त्याच कुरणांत खासगी गुरं कितीतरी जास्त चरतात, हे विसरलं जातं!

मालक असलेला, कुंपण तोडून पळालेला घोडा असेल तर पशुधनाचा कायदाच योग्य. मालकाला तो परत मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या रानात वाढलेल्या कळपाला संरक्षणच हवं, सोबत लसीकरण.