‘झपाट्याने वाढ’ म्हणून विकला जाणारा तिलापियाचा संप्रेरकयुक्त दाणा

तिलापियाच्या पिलांसाठी तयार मिळणारा संप्रेरकयुक्त दाणा मी हॅचरीत दोन हंगाम वापरला. पाकिटावर ‘झपाट्याने वाढ’ असे ठळक छापलेले असले, तरी त्याचे खरे काम माशाला पोसणे हे नसून पिलांचे लिंग ठरवणे हे आहे.

त्यातील 17-अल्फा-मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे कृत्रिम नर-संप्रेरक होय. पिलाची जननग्रंथी सुरुवातीला नर किंवा मादी अशी घडलेली नसते. पिले खाऊ लागल्यापासून 21 ते 28 दिवस, किलोमागे सुमारे 60 मिलिग्रॅम संप्रेरक असलेला दाणा दिल्यास जवळजवळ सगळी पिले नर होतात. मादीची बरीच शक्ती अंड्यांवर खर्च होते, अंडी व पिले तोंडात सांभाळताना ती फारसे खातही नाही, आणि नर-मादी एकत्र असलेल्या तळ्यात पिलावळ इतकी वाढते की सगळेच मासे खुरटतात. फक्त नर सोडले की हे टळते. पाकिटावरची ‘वाढ’ ती हीच.

पहिल्या हंगामात दाण्याने हे काम चोख केले. बोटुकल्यांच्या (बोटाएवढ्या झालेल्या पिलांच्या) नमुन्यातील जननग्रंथी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा माद्या अगदी तुरळक आढळल्या. दुसऱ्या हंगामात मात्र त्या बऱ्याच निघाल्या. उजेडाने व उष्णतेने हे संप्रेरक खराब होते, आणि पाकिटावर ना उत्पादनाची तारीख होती, ना संप्रेरकाचे प्रमाण, त्यामुळे चूक साठवणुकीची की मालाची, हे शोधण्याचा मार्गच उरला नाही. दाणा भरड असल्याने इवल्या पिलांसाठी तो चाळूनही घ्यावा लागला.

याहून गंभीर म्हणजे हातमोजे आणि मुखपट्टीचा पाकिटावर उल्लेखच नाही. ही भुकटी त्वचेतून व श्वासातून शरीरात जाऊ शकते. गर्भवती स्त्रियांनी तर ती हाताळूच नये. उरलेला दाणा आणि टाक्यांचे पाणी ओढ्यात सोडणेही गैर आहे.

हे संप्रेरक माशातून आपल्या पोटात जाईल का, ही खाणाऱ्यांची शंका रास्त आहे, परंतु पिलांना दिलेले संप्रेरक खाद्य थांबवल्यावर थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडते आणि मासा विक्रीला येतो तो काही महिन्यांनी. म्हणूनच, मोठ्या माशांनाही हाच दाणा द्या, हा विक्रेत्याचा सल्ला मला अक्षम्य वाटला: त्या वयात लिंग बदलत नाही आणि विक्रीच्या तोंडावर मांसात अवशेष राहण्याचा धोका मात्र ओढवतो. प्रमाण आणि तारीख छापलेले पाकीट मिळेपर्यंत मी हा दाणा पुन्हा घेणार नाही.