बसमध्ये ख्याल ऐकायचा तर: प्लेअरमधला कंप्रेसर की घट्ट बसणारे इयरफोन?

बेळगावहून निपाणीकडे निघालेल्या बसमध्ये ख्याल ऐकू पाहणाऱ्याची अडचण ठरलेली आहे. आलापीतला खर्ज इंजिनाच्या घरघरीत बुडतो, म्हणून आवाज वाढवावा, तर द्रुत बंदिशीला तोच आवाज सोसवेनासा होतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्लेअरमधला कंप्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणारी सोय, चालू करणे, आणि दुसरा म्हणजे कानाचे भोक पूर्ण बंद करणारे, रबरी किंवा फोमच्या टोप्यांचे इयरफोन वापरून मूळ ध्वनिमुद्रण आहे तसे ऐकणे. मी दोन्ही बराच काळ वापरले आहेत. रिप्लेगेन या प्लेअरमधल्या दुसऱ्या तंत्राचा विचार येथे केलेला नाही, कारण ते संपूर्ण फाइलीची पातळी एकसारखी वरखाली करते आणि गाण्यातला हळू-मोठा फरक तसाच ठेवते.

कंप्रेसरची बाजू दुबळी नाही. रॉकबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर घातलेल्या प्लेअरमध्ये तो फुकट मिळतो, नवे काही विकत घ्यावे लागत नाही आणि नको तेव्हा बंदही करता येतो. दाबण्याचे गुणोत्तर ४:१ ठेवले की थ्रेशोल्डच्या, म्हणजे जिथून दाबणे सुरू होते त्या पातळीच्या, ८ डेसिबल वर गेलेला स्वर २ डेसिबलच वर राहतो, आणि मग मेकअप गेनने, म्हणजे दाबल्यानंतर दिलेल्या वाढीने, सगळेच वर उचलले की वाटेतल्या वंटमुरीच्या घाटात गाडी खालच्या गियरवर चढत असतानाही मंद्रातली आलापी ऐकू येते. बटणावर सतत अंगठा ठेवून बसावे लागत नाही, हा लाभ मी कमी लेखणार नाही.

तरीही माझ्यापुरता निकाल एका गोष्टीने लावला, आणि ती म्हणजे तानपुरा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे कंप्रेसर लावून ऐकावे, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. त्यांच्या गायकीत लहान लहान स्वरवाक्ये आणि त्यांच्यामधला विराम यांना फार मोल आहे. कंप्रेसर त्या विरामात गप्प बसत नाही. गाता आवाज थांबला की दाब सुटतो आणि मागचा तानपुरा फुगत पुढे येतो. पुढचा स्वर लागताच तो पुन्हा मागे ढकलला जातो. हे प्रत्येक वाक्याला घडते, आणि एकदा कानाला कळले की मग दुसरे काही ऐकूच येत नाही. रिलीजचा, म्हणजे दाब सुटण्याचा, वेळ वाढवला तर हे फुगणे सौम्य होते, परंतु मग समेवरच्या तबल्याच्या जोरकस ‘धा’ने दाबलेली पातळी लवकर वर येत नाही आणि त्यापाठोपाठचा हळुवार स्वर नेमका हरवतो. गुणोत्तर २:१ वर आणून सॉफ्ट नी, म्हणजे हळूहळू सुरू होणारा दाब, निवडल्यास त्रास बराच घटतो, हे खरे. पण मग बसच्या आवाजावर त्याचा उपयोगही तेवढाच घटतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यात तर विरामागणिक खरखरच वर येते.

इयरफोनचे दोष वेगळ्या जातीचे आहेत. पैसे पडतात. वाहकाची हाक ऐकू येत नाही, उन्हाळ्यात कानात घाम साचतो, आणि वायर सदऱ्याच्या कॉलरला घासली की थेट कानात ठोके पडल्यासारखे वाटते. ही वायर कानामागून वळवून घेतल्यास ठोके जवळजवळ थांबतात. इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर पूर्ण जात नाही, परंतु टायरचा, वाऱ्याचा आणि बडबडीचा आवाज पुष्कळ कमी होतो. टोपीचे माप मात्र नीट निवडावे लागते. ती थोडी सैल बसली तरी घरघर आत येते आणि गाण्यातला खर्ज बाहेर जातो. जाताजाता आणखी एक लाभ सांगतो. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवून भागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. रोज येजा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रत्येकाचा कान आणि प्रत्येकाचे गाणे निराळे, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना लागू पडेलच असे नाही. ज्यांच्या प्लेअरमध्ये मुख्यतः अलीकडची चित्रपटगीते आहेत, त्यांना बहुधा दोन्हींची गरज भासणार नाही, कारण त्यांतली पातळी ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पुरेशी दाबलेली असते. जे रस्त्याने चालताना ऐकतात, त्यांनी कान बंद करू नयेत. त्यांच्यासाठी कंप्रेसरच ठीक. मात्र खिडकीजवळ बसून तासभर बडा ख्याल ऐकायचा असेल, तर नव्या इयरफोनवर पैसे घालणे मला अधिक रास्त वाटते. कीर्तन आणि व्याख्याने ऐकताना मी स्वतः आजही कंप्रेसर लावतो. तेथे मागे तानपुरा नसतो, आणि ध्वनिक्षेपकापासून दूर सरकणारे बुवा त्यामुळे स्पष्ट ऐकू येतात.