पवनचक्कीचा अनुभव: उपलब्धता 97 टक्के, तरी वीज कमी का?

ग्रिडला जोडलेली, गिअरबॉक्सवाली पवनचक्की आम्ही चालवतोय त्याला आता वाऱ्याचा एक अख्खा हंगाम होऊन गेला. यंत्र चांगलं आहे, हे आधीच सांगतो. 3-4 मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला वीज द्यायला लागतं, पाती अजून ठणठणीत आहेत. तक्रार आहे ती बंद राहण्याची. किती वेळ बंद यापेक्षा केव्हा बंद, याची.

देखभाल कंपनीच्या अहवालात उपलब्धता, म्हणजे यंत्र चालायला तयार असल्याचा वेळ, 97 टक्के दिसते. वर्षाचे तास 8,760, त्यातले 3 टक्के म्हणजे जेमतेम 11 दिवस. वाटतं, एवढं तर चालायचंच. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा आठपट. 12 मीटरच्या वाऱ्यात बुडालेला एक तास ढोबळमानाने 6 मीटरच्या वाऱ्यातल्या आठ तासांइतका महाग पडतो. आमचं मशीन बहुतेक वेळा जोराच्या वाऱ्यातच ट्रिप झालं, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडलं, आणि हा योगायोग नव्हे. तेव्हाच यंत्रावर भार जास्त असतो, तापमान चढतं. त्यात अशा वाऱ्यात सुरक्षेसाठी माणसाला वर चढू देत नाहीत, क्रेनही लावता येत नाही. दुरुस्ती वारा पडेपर्यंत खोळंबते आणि चांगला वारा वाया जातो. हे बघताना फार जीव तुटतो.

सेन्सर, कन्व्हर्टर (वीज ग्रिडला जुळेल अशी करणारं उपकरण), पिच (पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा) यांचे बिघाड वरचेवर होतात, पण बहुधा काही तासांत निपटतात. गिअरबॉक्सचा बेअरिंग एकदाच गेला. सुटा भाग आणि क्रेन यांची वाट पाहण्यात बाकी सगळ्या बिघाडांपेक्षा जास्त वीज गेली. म्हणून तेलाचे नमुने तपासणं आणि कंपनांची सतत नोंद ठेवणं यावर खर्च कराच. बेअरिंग खराब होत चालल्याचं त्यातून बरंच आधी कळू शकतं आणि काम मंद वाऱ्याच्या दिवसांत उरकता येतं.

घेणाऱ्यांनी करार नीट वाचावा. नियोजित देखभाल, ग्रिड बंद असल्याचे तास हे हिशेबातून वगळलेले असतील, तर 97 चा अर्थच बदलतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या 61400-26 या मानकात वेळेवर आधारित (किती वेळ यंत्र तयार होतं) आणि उत्पादनावर आधारित (मिळू शकणाऱ्या विजेपैकी किती मिळाली) अशी दोन्ही प्रकारची उपलब्धता मांडली आहे. उत्पादनावर आधारितच मागा. पुरवठादार कुरकुरतात, कारण मग वादळी दिवसांत यंत्र बंद राहण्याचा खरा भुर्दंड त्यांच्याही अंगावर येतो. आमच्या नव्या करारात आम्ही ही अट घालून घेतली आहे.