सोफ्याखालच्या व्हेंटसाठी प्लास्टिकचा बोगदा: एक अख्खा हिवाळा वापरून

आमचं टाउनहाऊस मिनेसोटात, मिनीॲपोलिसच्या थोडं बाहेर. दिवाणखाना लहान. एका भिंतीला फायरप्लेस, दुसरीला अंगणात उघडणारं सरकतं दार, त्यामुळे तीन माणसांचा सोफा मावतो तो फक्त मोठ्या खिडकीखाली. आणि व्हेंटही, म्हणजे फर्नेसची (घर तापवणाऱ्या यंत्राची) गरम हवा खोलीत सोडणारं जाळीचं तोंड, नेमका तिथेच, जमिनीत.

डिसेंबरात आई कराडहून आली. तिचे गुडघे आधीच दुखरे. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाली, "अगं, तुमचं ते मशीन दिवसभर घरघरतंय, मग माझ्या पायाला गार का लागतंय?" थर्मोस्टॅट ७२ फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपले २२ सेल्सिअस. सोफ्याच्या पाठीमागे हात घालून पाहिला तर तिथे भट्टी. सोफ्याचं कापड कोमट, पडदा फुगलेला. सगळी ऊब सोफा आणि पडद्याच्या फटीतून सरळ छताला जात होती, आणि आई तिथून दोन हात अंतरावर शाल घेऊन बसलेली. मला फार वाईट वाटलं.

म्हणून हा बोगदा मागवला. वीस-बावीस डॉलरांची वस्तू. चपटी, पारदर्शक, एकात एक सरकणारे दोन भाग. मागचं तोंड व्हेंटच्या जाळीवर बसतं, पुढचं सोफ्याखालून बाहेरच्या बाजूला येतं. मागवण्याआधी सोफ्याखालची उंची मोजा, हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे पावणेतीन इंच मोकळे आहेत म्हणून तो आत गेला. जमिनीला टेकलेल्या सोफ्याला याचा काही उपयोग नाही. आणि त्याची पकड लोहचुंबकाची असते, त्यामुळे जाळी लोखंडी पत्र्याची हवी. ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडी जाळीवर चिकटपट्टीच लावावी लागते.

बसवला आणि त्याच संध्याकाळी फरक कळला. आईने पाय जमिनीवर टेकवले, जरा थांबली आणि म्हणाली, "हां, आता येतंय." मी स्वयंपाकाचा थर्मामीटर तिच्या पायाशी ठेवून पाहिला होता. आधी ६४ दाखवत होता, बोगदा लावल्यावर तासाभराने ६९. थर्मोस्टॅटला मी हातही लावला नव्हता.

पण जानेवारीत एक त्रास सुरू झाला, आणि तो सांगितल्याशिवाय या वस्तूबद्दल लिहिणं बरोबर होणार नाही. बाहेर उणे २५ सेल्सिअस झालं त्या सकाळी खिडकीच्या काचेवर आतून खाली पाणी साचलं होतं आणि कोपऱ्यात चक्क बर्फ. घर बांधणारे व्हेंट खिडकीखाली देतात ते याचसाठी. थंड काचेला लागून हवा गार होते, जड होऊन खाली उतरते आणि जमिनीवरून पसरते. खालून वर चढणारी गरम हवा तिला तिथेच अडवते आणि काचही कोरडी ठेवते. मी ती हवा खोलीच्या मधोमध वळवली, मग काच उघडीच पडली. लाकडी चौकटीला पाणी लागू देऊन चालणार नव्हतं. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, ४० टक्क्यांवरून ३० वर आणला, आणि कडाक्याच्या रात्री झोपताना बोगदा काढून सोफा वीतभर पुढे ओढायचा असं ठरवलं. त्यानंतर काच कोरडी राहिली.

त्याच दुकानातून चुंबकाचा छोटा आडोसाही घेतला होता, व्हेंटवर उभा राहून हवा एका अंगाला वळवणारा. तो देवघरासाठी. आजोबांनी करून घेतलेलं सागवानी देवघर आम्ही जागा नाही म्हणून व्हेंटच्या शेजारी ठेवलं होतं. तीन हिवाळे कोरडी गरम हवा खाऊन त्याच्या डाव्या दाराचा सांधा उघडला. नख जाईल एवढी फट. निरांजन तर फर्नेस सुरू झाला की विझायचंच. आडोसा लावल्यापासून ज्योत स्थिर राहते, पण फट काही मिटली नाही. लाकूड व्हेंटपासून लांबच ठेवायला हवं होतं. आता देवघर आतल्या भिंतीशी आहे.

एक गोष्ट मात्र या दोन्ही वस्तूंनी सुटत नाही. जिन्याजवळच्या भिंतीत एक मोठी जाळी आहे, ती हवा सोडत नाही, ओढून घेते. रिटर्न म्हणतात तिला. जवळ कागदी रुमाल धरला की तो जाळीला चिकटतो, त्यावरून ओळखायची. आम्ही तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट लावलं होतं. मागच्या वर्षी फर्नेस मधूनच बंद पडायला लागला तेव्हा तपासायला आलेल्या माणसाने आधी ते कपाट हलवायला लावलं. हवा पुरेशी फिरली नाही तर फर्नेस आतून जास्त तापतो आणि त्याचा सुरक्षेचा स्विच तो बंद करतो. असं वारंवार झालं तर आतला हीट एक्स्चेंजर (जळणाची उष्णता हवेला देणारा भाग) तडकू शकतो, आणि तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येण्याची भीती असते. म्हणून बोगदाही मी एकाच व्हेंटला लावला आहे. त्याने वाट थोडी अरुंद होतेच. घरभर लावू नका.

बोगद्यात धूळ फार साचते. पारदर्शक असल्यामुळे दिसते तरी. महिन्यातून एकदा काढून कोमट पाण्याने धुते, पूर्ण वाळल्यावरच परत लावते. एप्रिलमध्ये आई परत गेली तेव्हा तो काढून माळ्यावर ठेवला, कारण उन्हाळ्यात त्याच व्हेंटमधून एसीची गार हवा येते आणि ती जमिनीवर सोडण्यापेक्षा वर गेलेलीच बरी. सोफा सध्या खिडकीपासून वीतभर पुढेच आहे. चालताना गुडघा टीपॉयला लागतो, पण तो परत मागे सरकवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे.