लायब्ररीऐवजी चार ओळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका मध्यम आकाराच्या वेब अ‍ॅपवर काम करताना गेले आठ महिने मी एक पथ्य पाळले: जे काम ब्राउझर स्वतः करतो, किंवा जे कोडच्या वीस-पंचवीस ओळींत नीट बसते, त्यासाठी नवे पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेली तयार लायब्ररी, घ्यायचे नाही. सुरुवातीला यामागे केवळ बंडलचा, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या एकत्रित कोडचा, आकार कमी करण्याचा हेतू होता. तो साध्य झाला, पण त्या काळात जे शिकायला मिळाले ते बहुतांशी आकाराशी संबंधित नव्हते.

सर्वात निर्वेध बदल डायलॉगचा, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीचा, ठरला. मार्च २०२२ मध्ये सफारी १५.४ आणि फायरफॉक्स ९८ आल्यापासून 'डायलॉग' हा एचटीएमएल घटक सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. 'शोमोडल' ही पद्धत वापरली की कीबोर्डचा फोकस खिडकीच्या आत जातो, एस्केप दाबल्यावर खिडकी बंद होते आणि मागचे पान निष्क्रिय होते. आमच्या जुन्या मोडल (मागचे पान अडवणारी खिडकी) पॅकेजचा निम्मा कोड याच तीन गोष्टींसाठी होता. मात्र 'शोमोडल'ऐवजी नुसते 'शो' लिहिले, तर यांपैकी मागचे पान निष्क्रिय होणे आणि एस्केपने बंद होणे मिळत नाही, आणि ही चूक डोळ्यांनी पाहून कळत नाही. शिवाय मोडल उघडे असतानाही मागचे पान स्क्रोल होत राहते. त्यासाठी सीएसएसची एक ओळ आपल्यालाच लिहावी लागते.

चित्रांसाठी 'लोडिंग' या गुणधर्माला 'लेझी' ही किंमत (चित्र पडद्याजवळ येईल तेव्हाच मागवावे) देणे इतके सोपे आहे की मी ती उत्साहाच्या भरात सरसकट सगळ्या चित्रांना दिली. पान उघडताच दिसणारे वरचे मोठे चित्र त्यामुळे पूर्वीपेक्षा उशिरा येऊ लागले, कारण पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर ते मागवतच नव्हता. आता पहिल्या पडद्यावरची चित्रे यातून वगळतो आणि प्रत्येक चित्राची रुंदी व उंची लिहितो, म्हणजे चित्र आल्यावर खालचा मजकूर उडी मारत नाही.

शोधपेटीचा अनुभव अधिक बोधप्रद होता. प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे विनंती जाऊ नये म्हणून 'सेटटाइमआउट' आणि 'क्लिअरटाइमआउट' वापरून मी आठ ओळींचा डिबाउन्स (टाइप करणे क्षणभर थांबले की मगच विनंती पाठवणे) लिहिला आणि काम संपले असे मानले. काही आठवड्यांनी तक्रार आली की पेटीत एक शब्द असतो आणि खाली निकाल दुसऱ्याच शब्दाचे दिसतात. डिबाउन्समुळे विनंत्या कमी होतात, पण उत्तरे कोणत्या क्रमाने येतील याची हमी मिळत नाही; आधीच्या विनंतीचे उत्तर रेंगाळले आणि नंतर आले, तर ते ताज्या निकालांवर चढून बसते. प्रत्येक नव्या शोधापूर्वी ब्राउझरमधील 'अबॉर्टकंट्रोलर'ने जुनी विनंती रद्द केली, रद्द झाल्याचा एरर वेगळा ओळखून गिळला, तेव्हा तो दोष गेला. माझ्या दृष्टीने हे दोन तुकडे आता वेगळे नाहीतच.

वस्तूची (ऑब्जेक्टची) खोल, म्हणजे आतल्या सगळ्या डेटासह, प्रत काढण्यासाठी तिला जेसन या मजकूर-साच्यात नेऊन परत आणण्याची जुनी युक्ती तारखांच्या स्ट्रिंग करून टाकते. ब्राउझरचे 'स्ट्रक्चर्डक्लोन' हे फंक्शन तसे करत नाही. परंतु वस्तूत एखादे फंक्शन असले की 'स्ट्रक्चर्डक्लोन' एरर देते, आणि क्लासच्या वस्तूंची प्रत साध्या वस्तू म्हणून हाती येते. साध्या डेटापुरते ते उत्तम आहे.

आकडे आणि तारखा दाखवण्यासाठी ब्राउझरमधील 'इंटल' ही सोय मनापासून आवडली, एक अट ठेवून: फॉरमॅटर (आकडा किंवा तारीख ठरलेल्या रूपात देणारी वस्तू) एकदाच तयार करावा. हजार ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसाठी तो नव्याने बांधला, तर पान रेंगाळते. दुसरे म्हणजे त्याने दिलेल्या स्ट्रिंगची टेस्टमध्ये अक्षरशः तुलना करू नये. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) २० वर गेल्यावर इंग्रजी वेळेतील मिनिटे आणि एएम-पीएम यांमधली साधी मोकळी जागा अरुंद, न तुटणाऱ्या जागेत बदलली, आणि डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन स्ट्रिंग जुळेनात. त्यात माझी अख्खी दुपार गेली.

तारखांच्या हिशोबात मात्र मी हार मानली. नुसती '२०२४-०३-०५' अशा साच्यातली तारीख जावास्क्रिप्टच्या 'डेट'ला दिली की तो ती यूटीसी (ग्रीनिचशी जुळणारी जागतिक वेळ) मानतो, आणि तिच्यापुढे वेळ जोडली, पण टाइमझोन दिला नाही, की स्थानिक मानतो. त्यामुळे ग्रीनिचच्या पश्चिमेकडील वापरकर्त्यांना आदला दिवस दिसत असे. तो दोष दुरुस्त केला, पण दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येणारी बैठक, घड्याळ पुढे-मागे होणारे प्रदेश, असे प्रश्न येत गेले आणि माझी पंचवीस ओळींची फाइल दोनशे ओळींवर गेली. सहाव्या महिन्यात ती काढून तारखांची लायब्ररी परत घेतली. बाकीचे सगळे कोडचे तुकडे आज एकाच फाइलमध्ये आहेत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तो काय करत नाही हे एका ओळीत लिहिलेले आहे.