पौड रस्त्यावरची न झालेली रेस आणि माझे ५,२९६ रुपये

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि डोळ्यांसमोर दुसऱ्यांच्या चुका. शतांश मिलिमीटरसाठी अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस एका पोस्टरला कसा फसला, ते सांगताना लाज वाटते. तरी सांगतो, कारण तेच पोस्टर आता वेगळ्या नावाने फिरतंय.

वय ४१. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड हायब्रिड सायकल घेतली. रविवारी धायरीहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, कधी खडकवासल्यावरून पानशेतकडे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, परदेशी रायडर आपल्याच रस्त्यांवरून सुसाट गेलेले पाहिले आणि डोक्यात किडा शिरला, आयुष्यात एक तरी रेस करायची. बायकोने बजेट मंजूर केलं पाच हजार. त्यात एन्ट्री, सायकलचं सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड आणि दोन ट्यूब.

पर्याय शोधले. डेक्कन क्लिफहँगर पुण्याहून गोव्यापर्यंत, सहाशेहून जास्त किलोमीटर, सोबत सपोर्टची गाडी आणि माणसं. आपलं काम नाही. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायची राइड, स्वस्त, पण ती रेसच नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. मला तर नंबर हवा होता, दोनशेवा का असेना.

तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली. भूगाव ते पौडच्या पुढे आणि परत, ६० किलोमीटर. रस्ता पूर्ण बंद, चिप टायमिंग (प्रत्येकाला दिलेल्या चिपवरून वेळ मोजणं), मेडल, नाश्ता, हायब्रिडची वेगळी कॅटेगरी. अर्ली बर्ड १,४९९.

एवढी फी अगदीच कमी असती तर मला शंका आली असती. १,४९९ मध्ये खटकण्यासारखं काहीच नव्हतं. भरल्यावर बाकीचं हळूहळू सुरू झालं. चिपचं डिपॉझिट ५००, परत मिळणार. विमा २९९. जर्सीवर नाव छापायचे ३५०. प्रत्येक वेळी 'आज रात्री बारापर्यंत'. एकूण २,६४८ गेले, तेही एका मोबाईल नंबरवर. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव कुठल्याच संस्थेचं नव्हतं, एका बाईचं होतं. अकाउंट्सवाल्या मॅडम असतील, असं मीच माझं समाधान केलं.

आमच्या रविवारच्या कंपूत एक काका आहेत, सत्तरीला टेकलेले. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. बोर घाटात पहिला येणारा घाटांचा राजा. तो मान आपला कसा हुकला, ही गोष्ट दर चहाला होते. पैसे भरल्यावर त्यांना पोस्टर दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि हसले. "अरे, यात लिहिलंय मास स्टार्ट टाइम ट्रायल. टाइम ट्रायलला एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवायचा नसतो. मास स्टार्ट म्हणजे सगळे एकदम. ही दोन्ही लग्नं एकाच मांडवात कशी लावणार?"

मला वाटलं, म्हातारं उगाच खुसपट काढतंय.

काकांनी फोटोही मोठा करून दाखवला. दगडी फरसबंदीचा रस्ता, मागे चर्चचा मनोरा, सगळे रायडर उजव्या बाजूने चाललेले. "हे भूगाव का?" मी म्हटलं, काका, जाहिरातीत असंच असतं.

आणि मुख्य गोष्ट, ती तर माझी मलाच कळायला हवी होती. रविवारी सकाळी पौड रस्ता बंद? मुळशीकडे निघालेल्या गाड्या आणि पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक काय हवेतून जाणार? ग्रँड टूरसाठी रस्ते बंद झाले होते, म्हणून इथेही होतील असं मी धरून चाललो. पण तो कार्यक्रम सरकारी पातळीवरचा. वाहतूक वळवायची तर पोलीस आधी जाहीर करतात, पेपरात येतं. इथे एक ओळ कुठे छापून आली नव्हती.

आदल्या रात्री ११:२० ला ग्रुपवर मेसेज आला, पोलीस परवानगीअभावी रेस पुढे ढकलली आहे. लगेच ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाकलं. झोप लागेना. पहाटे साडेपाचला तरी मी भूगावला गेलो. खरं सांगायचं तर, मेसेजच खोटा निघेल अशी वेडी आशा होती. तिथे बंद टपरीपाशी सात दिवे लुकलुकत होते. काहींनी मेसेज पाहिलाच नव्हता. एक पोरगा बारामतीचा, एकोणीस-वीस वर्षांचा. भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून रात्री मार्केट यार्डात उतरला, तिथून अंधारात सायकल मारत आला. त्याच्या हँडलला घरून आणलेल्या दशम्यांची पिशवी होती. तो कुणालाच शिव्या देत नव्हता, सारखा घड्याळ बघत होता. शेवटी आम्ही आठ जण तसेच पिरंगुटचा घाट चढून गेलो, मिसळ खाल्ली, व्हॉट्सॲपवर आठ जणांचा ग्रुप केला आणि पांगलो.

यानंतर कुठलीही रेस बघताना मी आधी मागच्या वर्षीचा निकाल मागतो. नावं आणि वेळा असलेला पूर्ण तक्ता, फक्त पोडियमचे फोटो नाहीत. त्यातल्या एखाद्याला शोधून फोन करतो, मार्शल किती होते, पाणी कुठे मिळालं. कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची वेळ किती, रूटची फाईल द्या, परवानगीची प्रत दाखवा, असं विचारतो. खरे आयोजक या प्रश्नांना वैतागत नाहीत, उलट त्यांना बोलायला आवडतं. आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याला रेसच कशाला हवी? ओळखीच्या कंपूने लावलेली छोटी टाइम ट्रायल चहाच्या पैशांत होते.

पण माझी फसवणूक अजून संपली नव्हती. चार दिवसांनी 'रिफंड' आला. रक्कम बरोबर २,६४८ आणि खाली क्यूआर कोड. स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात जमा. मी स्वयंपाकघरात उभा होतो. स्कॅन केला, पिन टाकला. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?"

तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. २,६४८ डेबिट. पाच हजारांचं बजेट रेस न करताच २९६ रुपयांनी ओलांडलं.

अर्ध्या तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो हाताशी ठेवा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, म्हणून लाजत बसू नका. पहिल्या २,६४८ साठी मी लाजत बसलो होतो, दोन्हींची तक्रार एकदमच दिली. नंबर मिळालाय, पैसे अजून नाहीत.

फोन ठेवला आणि आठ जणांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. तीन वेळा लिहून खोडलं. क्वालिटीतला माणूस, दोनदा फसला, लोक काय म्हणतील. शेवटी डोळे मिटून पाठवून दिलं. मिनिटभरात बारामतीच्या पोराचा फोन.

"दादा, पिनचे तीन आकडे टाकलेत मी. आता काय करू?"

"ॲप बंद कर," मी म्हटलं. "आधी बंद कर."